यादी भाग एकशे बारा

आमदार रोहिदास तोडणकरची आई खानावळ चालवायची,
तिच्या वहीत अख्खी चाळ उधार.
गिरणीचा भोंगा होता तोवर इथली पेटी लाल फुटायची,
संपानंतर भगवी.
टॉवर आला, पेटी गेली, मशीन नुसतं पीं करतं
आणि निम्मी नावं विरारच्या पुढे.

मी इथला चाळीस वर्षांचा पोलिंग एजंट.
मेलेल्यांच्या नावावर पट्टी ठेवूनच रेघ मारतो,
वाकडी गेलेली बरी दिसत नाही.

परवा पोरगा एकशे नऊ मतांनी आला.
गुलालासकट पाया पडला,
म्हणाला, काका, आपली हक्काची मतं कुठे गेली हो?

म्हटलं, आईची वही आहे ना अजून?
तीत बघ.
सगळे सापडतील, खोलीनंबरासकट.
माझेही साडेअकरा रुपये निघतात.