अज्ञात कलाकार

नोव्हेंबरात अकुरेयरीला दुपारी तीनलाच
फ्योर्डवर झाकण बसतं.
मग मी कॉम्प्युटर उघडतो.
एकाहत्तर हजार दोनशे चौदा फायली.
तीस वर्षं ट्रॉलरवर स्वयंपाकी होतो,
हलमधून कॅसेटी आणल्या, ब्रेमरहाफेनमधून सीड्या,
मुर्मान्स्कच्या एका फिटरनं
वाळवलेल्या कॉडच्या बदल्यात
पिशवीभर अकॉर्डियन दिलं.
ते सगळं आता एका काळ्या डब्यात,
कपाटात, बुटांच्या वरच्या फळीवर.
भाचा ओद्दूर म्हणाला, सर्व्हर लावून देतो, मामा,
आवरायचं मात्र तुम्ही.
त्यानं तासाभरात लावला.
माझं घोंगडं तेव्हापासून भिजतंय.

सॉफ्टवेअरला आडनाव हवं असतं.
आमच्याकडे आडनाव नाही,
अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, एवढंच.
त्यानं शेवटच्या शब्दावर रांग लावली
आणि गावातले सगळे गायक
आपापल्या बापांच्या मागे जाऊन उभे राहिले.
थॉर्न हे आमचं अक्षर, शेवटून तिसरं.
ते त्यानं कुठे ‘टी’च्या पंगतीला बसवलं,
कुठे पार दाराबाहेर, प्रश्नचिन्हांत.
एकेकाला हाताला धरून जागेवर आणलं.
बायको म्हणाली, जनगणना चाललीय का?

दुहेरी फायली शोधणारा एक प्रोग्राम आहे.
दोन्ही एकच, एक पुसा, म्हणतो.
ऐकल्या. एकच होत्या.
तरी पुसवेना.
एक मी विकत घेतली होती,
दुसरी उधार आणून परत केली नव्हती.

मग ‘अज्ञात कलाकार’.
अकराशे सहा.
ट्रॅक एक, ट्रॅक एक, ट्रॅक एक,
बारशाआधीच पाळण्यात वाढलेली पोरं.
प्रोग्राम आवाजाचे ठसे घेतो
आणि नाव सांगतो, पोलिसासारखं.
एका फाईलवर तो ठामपणे म्हणाला :
‘गाढ झोपेसाठी समुद्राचे आवाज, भाग चार.’
लावली.
आधी खरंच घरघर,
मासे वाळवायच्या शेडमधला पंखा.
मग कुणीतरी खाकरलं,
आणि फॅक्टरीतले आम्ही तेवीस जण
मंगळवारचे, हातमोजे काढून,
एकदम सुरू झालो.

दुसऱ्या कडव्यात तो एकटा वर जातो.
जातो, जातो,
आणि तिथे सूर त्याला सोडून देतो.
त्यानंतरच्या मंगळवारपासून थोर्ग्नीर आला नाही.

काखेत कळसा म्हणतात तसं.
थोर्ग्नीर रोज सकाळी तलावावर
गरम पाण्याच्या कुंडात
माझ्यापासून दोन हातांवर बसतो.
बर्फ पडत होता, डोक्यावर टोप्या, बाकी सगळे पाण्यात.
म्हटलं, ती रेकॉर्डिंग सापडली.
तो वाफेकडे बघत राहिला.
म्हटलं, तुझं नाव घालू?
बराच वेळानं म्हणाला,
पंखा ऐकू येतो का अजून?
येतो.
चांगला पंखा होता, म्हणाला.
आणि उठता उठता,
पायऱ्यांवर, पाठ करून :
नाव नको घालूस. पुसू पण नको.

अकराशे सहातल्या अकराशे पाचांना
मार्चपर्यंत नावं मिळाली.
काही खरी, काही माझ्या अंदाजानं,
एकदोन तर निव्वळ चिडून.
तो कप्पा आता एका माणसाचा आहे.
चित्राच्या चौकोनात मी शेडचा फोटो टाकलाय,
दार बंद असलेला.

ओद्दूर म्हणतो, एक प्रत दुसऱ्या घरी हवी,
आग लागली, पाणी शिरलं, काय भरवसा.
म्हणून आज डाल्विकला, बहिणीकडे.
रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ.
शेजारच्या सीटवर डिस्क,
लोकरीच्या मोज्यात घालून, पट्टा लावून.
वळणावर गाडी जराशी सरकली
तेव्हा स्टिअरिंग सोडून
माझा एक हात आधी मोज्याकडे गेला.
हे बायकोला सांगणार नाही.