मागचे दिवे

पुंता आरेनासला डिसेंबरात रात्री दहालाही उजेड,
म्हणून ओविडियाला कळलंच नाही :
बंद गाडीचे मागचे दिवे पेटलेले,
आत कुणी ब्रेक दाबून बसल्यासारखे.

सकाळी बॅटरी मेलेली.
भाचा म्हणाला, फ्यूज. शेजारी म्हणाला, विका आता.

ती पेडलखाली डोकं घालून आडवी झाली,
पाय दाराबाहेर, वाऱ्यात.
हाताला पिवळा चुरा लागला :
एकतीस वर्षं स्विचची दांडी
दाबून धरणारी रबराची गोळी.
आता नुसतं भोक, दांडी आरपार,
आणि गाडीला वाटतंय, अजून थांबतोच आहोत.

ओस्वाल्दोच्या कोटाचं बटण बसेना.
कानशीनं घासलं. बसलं.
दिवे विझले.

पेटतात का, हे मागून सांगायला कुणी नव्हतं.
तिनं गाडी मासळीच्या दुकानाकडे पाठ करून लावली.
दाबला : काचेत लाल.
सोडला.
पुन्हा दाबला, उगीच.