उपसा

दोनशे अकरावा दिवस. बंदरावर बर्फ,
नोव्हेंबरपासून सूर्य डोंगराआड.
पहाटे चारला डोकं बोलू लागतं:
एइलर्ट, तुझ्याच्यानं व्हायचं नाही.
बाप असाच गेला, बाटलीच्या तळाशी.
मुलगी ट्रॉम्सोहून फोन करत नाही, ते उगाच का?

मी वाद घालत नाही. बूट चढवतो, धक्क्यावर जातो.

लाकडी होडी रात्रभर थोडी थोडी झिरपतेच.
तळात घोटाभर काळं पाणी, वर डिझेलचा तवंग.
ते पाहून आजवर एकाही कोळ्यानं
‘बुडाली’ म्हणून होडी सोडलेली नाही.
दांडा धरायचा. उपसायचं.

हे चर्चच्या तळघरात ओडव्हेइग म्हातारी म्हणाली,
कॉफी ओतताना, माझ्याकडे न बघता.
तिला एकोणीस वर्षं झाली. अजून रोज उपसते म्हणे.

प्रार्थना मला येत नाही.
लहानपणी पाठ केलेली अर्ध्यावर तुटते,
मग पंपाच्या तालावर नुसतं म्हणतो:
हे घे. हेही घे.
हे कालचं राहिलेलं, घे.

देव दिसला का? नाही.
पण दांडा कधीकधी
माझ्या जोरापेक्षा हलका वर येतो,
पलीकडून कुणी हात लावल्यासारखा.
ओडव्हेइगला विचारलं. ती म्हणाली, साखर हवी का?

कठड्यावरून काळं पाणी पडतं, क्षणभर वाफाळतं.
तळाची फळी दिसू लागते.
बापानं ठोकलेली.
चांगली ठोकलीय.