एक हजार हर्ट्झ

शुक्रवार, संध्याकाळचे सात, कुमासी, असाफोची गल्ली.
बाडूचा अॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर उताणा,
पोट उघडं, आवाज गेलेला.
उद्या सकाळी सहाला त्याच्या मामाला निरोप.
तीनशे खुर्च्या आल्यात, चार स्पीकर उभे राहिलेत,
काळे-लाल कपडे शिवून झालेत
आणि हा मुका.

सिग्नल जनरेटर होता एके काळी.
मास्टर बोआतेंगांचा, हिरव्या तबकडीचा, दोघांनी मिळून उचलायचा.
गेल्या वर्षी वीज गेली
आणि आली ती इतक्या जोरात आली
की तो तिच्याबरोबरच गेला.

आता हा फोन.
काच तडकलेली, कोपऱ्यात सोल्डरचा एक थेंब कायमचा.
फुकटच्या अॅपात आकडा लिहायचा, १०००,
मग लाट निवडायची: गोल, चौकोनी, करवतीच्या दातांची.
चौकोनी त्याला नीट जमत नाही,
स्कोपवर पाहिली तर कोपऱ्यांना शिंगं फुटलेली.
गोल मात्र अशी काढतो
की मास्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली असती.

एबो, त्या जुन्या इअरफोनची वायर काप.
नखाने सोलू नकोस, तांब्यावर वार्निश असतं, लायटर दाखव.
हं. लाल, हिरवी, आणि ही सोनेरी ती जमीन.
मध्ये एक कपॅसिटर टाक.
का म्हणजे?
पलीकडे चाळीस व्होल्ट उभे आहेत
आणि फोन माझा आहे.

शेवटाकडून सुरुवात करायची.
हरवलेला माणूस शोधतात तसं:
ज्याला तो शेवटचा दिसला त्याला आधी विचारायचं,
मग त्याच्या अलीकडच्याला.
आउटपुटला टोक टेकवलं, स्पीकर झोपेत पुटपुटला.
ड्रायव्हरला टेकवलं, बोलला.
त्याच्या मागच्याला, आणि एबोने कान झाकले.
अजून एक पायरी मागे.

काही नाही.

फोन इकडे जीव तोडून गातोय
आणि मधल्या दीड इंचात
गाणं कुठेतरी सांडतंय.

दीड इंचात एकच कपॅसिटर, दोन सेडींचा,
वरून ठणठणीत, आतून कोरडा.
मी तो एबोच्या तळहातावर ठेवला.
"एवढाच?"
एवढाच.

नवा बसवला. मग आकडा चढवत नेला.
पन्नासला टेबलावरचे स्क्रू नाचले.
चारशेला शेजारच्या शिंप्याने "आमेन" म्हटलं.
आठ हजारपर्यंत मी होते.
अकरा हजारला मी स्कोपकडे पाहत होते.
"येतंय?"
"येतंय, मॅडम."
चौदा.
"येतंय."
पडद्यावर लाट होती, एबोच्या कपाळावर आठी होती,
माझ्याकडे फक्त पंख्याची खरखर.
मी मान हलवली, ऐकल्यासारखी.
त्यानेही, पटल्यासारखी.

आणि टिंग!

फ्लाइट मोड राहिलाच होता.
दोनशे वॉटमधून टिंग!
समोरची केळी तळणारी कढईपासून मागे उडाली,
अख्खी गल्ली आपापले खिसे चाचपू लागली,
स्कोपवर एक टेंगूळ आलं आणि विरलं.
बाडूचा निरोप होता:
"सिस्टर, वाजतो का आता?"

शनिवारी आम्ही मागच्या रांगेत.
भाषणं झाली, भजनं झाली, देणग्यांचे आकडे झाले,
सगळं खणखणीत, शेवटच्या खुर्चीपर्यंत.
मग मामी माइकपाशी आली.
तोंड उघडलं तिने,
आणि बोललीच नाही.

किती वेळ.

चारही स्पीकर तिच्याबरोबर गप्प.
घरघर नाही, गुणगुण नाही,
एका बाईचा श्वास तेवढा
तीनशे खुर्च्यांवरून जात-येत होता.

एबोने कोपर मारलं, कानात म्हणाला,
"मॅडम, हम अजिबात नाही."

मी म्हटलं,
श्श.