सात मिनिटांचं गाव

रोज चार वेळा राइली बस घेऊन लोविसाला पोचते
आणि सात मिनिटांत पाठ फिरवते.
तिच्या लेखी गाव म्हणजे
एक खांब, एक बाक,
किऑस्कच्या काचेमागून हलणारा हात.

आज सुट्टी. बस ओलावीची.
ती मागच्या सीटवर,
तरी वळण आलं की
उजवा पाय आपसूक ब्रेक शोधतो.

कामं तशी किरकोळच.
पोस्टात पार्सल, वेलदोड्यांची पुडी,
आईच्या चष्म्याचा स्क्रू.
चष्मेवाल्याने पैसे घेतले नाहीत.
"तुम्ही सव्वादहाच्या ना?"
म्हणजे गाव तिला ओळखत होतं.

मग ती खांबाच्या मागे गेली.
मागे नदी!
अकरा वर्षं,
आणि चाळीस पावलांवर नदी.
धक्क्यावर बायका गालिचे धूत होत्या,
देवदाराच्या साबणाचा वास.
एका म्हातारीने न विचारता
ओलं टोक तिच्या हातात दिलं.
"पीळ."

सहाची बस पुलावरून गेली
तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.
ओलावी थांबला नाही.
तिने घड्याळ पाहिलं:
बरोब्बर मिनिटाला.
शाब्बास, ती पुटपुटली.

पुढची साडेसातला.
खिशातले वेलदोडे ओले झाले होते.