सुवर्णा नव्हे

अंबडच्या कारखान्यात पितळी खांब तपासते मी.
हातात गो-नोगो गेज :
एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
गेजला कुणाची मर्जी राखायची नसते.

पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, सुवर्णा ना?
मी म्हटलं, हो.
त्या एका 'हो'वर अकरा वर्षं निघाली.
डब्याच्या झाकणावर सुवर्णा,
भिशीच्या वहीत सुवर्णा.
पगाराच्या कागदावर तेवढं खरं,
तो मी चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात.

रविवारी कुठे असतेस गं?
मावशीकडे, शरणपूरला.
खोटं नव्हतं तसं. मावशी आहेच तिथे,
दगडाखाली, वीस वर्षं झाली.

कँटीनमध्ये कुणी म्हणालं,
त्या लोकांना माणशी किती पोती तांदूळ मिळतो म्हणे?
सगळे हसले.
सगळ्यांत मोठ्याने मी.
आणि घरी येऊन भात टाकला, तर
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत
ओट्याला धरून उभी.

माझे वडील, हनोख शिरसाठ,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजायचे.
आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे, आणि घरी चहा उधारीचा.
खोटी नोट डोळ्यांना नाही कळत, म्हणायचे,
बोटांना कळते.
माझ्या डोक्यावर हात ठेवायचे रोज रात्री, प्रार्थनेला.
शेवटी शेवटी तो हात ठेवून घ्यायला
मी टाळाटाळ करायचे.

डिसेंबरातला गुरुवार. सातपूरला
गिरणीवरच्या खोलीत आम्ही सात जण, आणि एक तापलेलं पोर.
खाली पट्टा फिरत होता, सतरंजीवर पीठ उतरत होतं.
एलिशाभाऊंनी डोळे मिटले, तेवढ्यात जिन्यावर पावलं.
दहा-बारा पोरं, मोबाईल उगारलेले.
मागून हवालदार, जेवणावरून उठून आलेला.

नावं सांगा एकेक.

त्या पोरांत आमच्या पॅकिंगमधला तुषार.
मला बघून त्याचाच चेहरा उतरला.
सुवर्णाताई? तुम्ही?
साहेब, ह्या आपल्यातल्या. चुकून आल्या असतील.
आणि त्याने दार धरलं, माझ्यासाठी,
मनापासून धरलं.
मारायला हात उचलला असता, तर सोपं गेलं असतं.

फक्त 'हो' म्हणायचं होतं.
मला तो शेकोटीशी बसलेला कोळी आठवला,
थंडीच होती तशी,
हात शेकत 'मी नव्हेच' म्हणणारा.
त्यालाही कुणी दरडावलं नव्हतं पहिल्यांदा.
एका मुलीने विचारलं होतं नुसतं.
आणि ज्याला तो नाकारत होता
त्याने वळून बघितलं होतं त्याच्याकडे.
त्या बघण्यात राग नव्हता.
माझ्या डोक्यावर, विंचरलेल्या भांगावर,
बोटं टेकली कुणाची तरी. नोटा मोजणारी.
की कुणाची, मी नाही सांगू शकत.

सुवार्ता, मी म्हटलं.
आवाज पिठासारखा निघाला, कोरडा.
सुवार्ता हनोख शिरसाठ.
हवालदाराने 'सुवर्ता' लिहिलं.
मी वाकून बघितलं :
'व'ला काना, साहेब. रफार 'ता'वर.

कोंबडाबिंबडा काही आरवला नाही.
पोर रडत होतं. रात्री साडेदहाला
चौकीतून सोडलं आम्हाला, खोली खाली करा म्हणून.
एलिशाभाऊ अजून खोली शोधताहेत.

धीट झाले म्हणू नका.
दुसऱ्या दिवशी गेज दोनदा पडलं हातातून.
तुषार बघत नाही. दोघींनी डबे उचलून
पलीकडच्या टेबलावर नेले.
मी बोलावून आणलं नाही त्यांना. आधीच्या मीने
लोणच्याची बाटली घेऊन मागे मागे धावत जाऊन
हात जोडले असते, कशासाठी ते न कळता.

वैजयंताबाई तेवढ्या बसून राहिल्या.
पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या,
मग अकरा वर्षं मी कुणाला हाक मारत होते गं?
त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. देणं लागते.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या,
सुवर्ता, मीठ सरकव.
सुवार्ता, मी म्हटलं.
आणि मीठ दिलं.