डॅशबोर्डखालची चार भोकं

जुनी जीप घेतली तेव्हाच दिसली होती
डॅशबोर्डखाली चार भोकं, स्क्रूची,
आणि टेप गुंडाळलेली एक तुटकी वायर.
आधीच्या मालकाचा रेडिओ तिथं होता.
तो काढून घेऊन गेला,
भाड्याचं घर सोडताना कुणी
कॅलेंडर नेतं आणि खिळा ठेवून जातं, तसा.

माँट्रोझच्या बाजारपेठेत डेल्बर्ट ओग्लट्रीचं दुकान.
टायर, दोरखंड, गंजलेले हूक,
काचेच्या कपाटात रेडिओ.
"सीबी घे," तो म्हणाला. "चाळीस चॅनेल, लायसन्स नको.
माझ्या बापानं तीस वर्षं ट्रक चालवला त्यावर."
काउंटरला टेकलेली लोर्ना मान हलवत होती.
"आमच्यात आता सीबी कुणाकडे आहे, डेल्बर्ट?
जीएमआरएस घे गं. नाहीतर वळणापलीकडून
तू ओरडत बसशील, आणि ऐकणार कोण?
त्याचा बाप."

मी फिजिओथेरपिस्ट. मला गुडघे कळतात,
वॅट कळत नाहीत.
पाच की पन्नास,
अँटेना छतावर की बॉनेटच्या कडेला.
खोक्यावर छापलं होतं : पस्तीस मैल.
"खरंच तितकं जातं?"
"मध्ये काय आहे त्यावर," डेल्बर्ट म्हणाला,
आणि खिडकीकडे बोट केलं.
मध्ये अख्खा कोलोराडो होता, उभाच्या उभा.

गेल्या सप्टेंबरात मी सगळ्यांच्या मागे होते.
फाट्यावर धूळ खाली बसली तेव्हा
दोन्ही वाटांवर चाकांच्या खुणा.
डावीकडे वळले.
दीड तास फोनच्या कोपऱ्यात एक रेघ नाही.
मग इंजिन बंद करून नुसती बसले,
कुणाच्या तरी गिअरचा आवाज येईल म्हणून.
आला तो एका डोमकावळ्याचा,
आणि तोही माझ्याशी बोलत नव्हता.

रात्री लायसन्सचे नियम वाचले.
पस्तीस डॉलर, दहा वर्षं,
आणि एकाच्या नावावर सगळं घर बोलू शकतं :
नवरा, मुलं, आईवडील, आजीआजोबा,
काका, मावश्या, भाचे, पुतणे,
शिवाय सासरची माणसं.
मुकुंदला वाचून दाखवलं.
"वॉशिंग्टनात आपलं कुणीतरी बसलंय," तो म्हणाला.
मला थोरल्या जाऊबाई आठवल्या.
त्यांना वॅट लागणारच नाहीत.

जुनी भोकं नव्या पट्टीशी जुळली नाहीत.
शेजारी आणखी चार पाडली.
हातातला एक छोटा सेट मुकुंदला दिला,
तो स्वयंपाकघरात, मी गावाबाहेरच्या टेकाडावर.
बटण दाबलं की बोलायचं,
सोडलं की ऐकायचं.
एक बोलत असताना दुसऱ्याला तोंड घालता येत नाही.
सत्तावीस वर्षांच्या संसारात हे यंत्र
इतक्या उशिरा का आणलं, कोण जाणे.

शेवटी काय म्हणायचं यावर थोडं अडलं.
'ओव्हर' त्याला पोलिसांचं वाटत होतं.
'संपलं' मला नको होतं.
घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही,
तसंच काहीतरी हवं होतं.

मग त्यानं बटण दाबलं आणि सोडायला विसरला.
टेकाडावर, सहा मैलांवर,
माझ्या जीपमध्ये आमचं स्वयंपाकघर सुरू झालं :
नळ, चमच्याचा आवाज,
तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता,
लसूण सोलताना करतो तसं.
मला काही सांगता येईना,
त्याचा अंगठा बटणावर होता.
समोर बर्फाची शिखरं गुलाबी होऊ लागली
आणि कुकरची पहिली शिट्टी झाली.
दुसरी.
तिसऱ्या शिट्टीला त्याचा अंगठा सुटला असावा,
कारण आवाज मधेच तुटला
आणि नुसती खरखर राहिली, माझी पाळी आल्याची.

कॉलसाइन म्हटली, नियमाप्रमाणे,
अक्षरं आधी, आकडे नंतर.
मग बटण घट्ट दाबून :
"तीन झाल्या. गॅस बंद कर.
येते."